प्रश्नाचा ताण, पोटाचा ताण

१९२२ च्या ऑक्टोबरात लंडन विद्यापीठाकडे डी.एस्सी. पदवीसाठी एक प्रबंध दाखल झाला. विषय होता रुपयाचा प्रश्न. लिहिणारा विद्यार्थी एकतीस वर्षांचा होता, कर्ज काढून दुसऱ्यांदा लंडनला आलेला. काही महिन्यांनी उत्तर आलं, पण ते पदवीचं नव्हतं. परीक्षकांचे आक्षेप होते आणि प्रबंध पुन्हा लिहून द्यायचा होता. जवळचे पैसे संपत आले होते. भीमराव आंबेडकर १९२३ च्या एप्रिलात मुंबईला परतले, त्यांनी प्रबंधाची नव्यानं मांडणी केली आणि तो पुन्हा लंडनला धाडला. मांडणीला मुरड घातली, निष्कर्ष तेच ठेवले. नोव्हेंबरात पदवी मिळाली. डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनानं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक बाजारात आणलं. अर्पणपत्रिकेत आईवडिलांची स्मृती होती.

ही हकिगत महाराष्ट्रात असंख्य भाषणांतून सांगितली गेली आहे आणि सांगताना भर बहुधा एकाच गोष्टीवर असतो, तो म्हणजे उपासमारीवर. लंडनमधली हात आखडता घेणारी घरमालकीण, सकाळचा पावाचा तुकडा, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर मान मोडून काढलेली टिपणं, दुपारच्या जेवणाला दिलेला फाटा, रात्री एका परिचितानं दिलेले पापड भाजून भागवलेली भूक आणि मग उत्तररात्रीपर्यंत वाचन. यातला एकेक तपशील काळजाला हात घालणारा आहे. मात्र त्यातून जो अर्थ काढला जातो, तो तपासायला हवा. खस्ता खाल्ल्याशिवाय विद्या येत नाही, पोटाला चिमटा बसला की बुद्धी तल्लख होते, असं काहीतरी मुलांच्या मनावर ठसवलं जातं. आज एखाद्या संशोधक विद्यार्थ्यानं अधिछात्रवृत्ती थकल्याची तक्रार केली, की हीच गोष्ट त्याच्या तोंडावर मारली जाते. बाबासाहेबांनी काय काय सोसलं, आणि तुम्ही काय मागताय!

त्यांच्या आयुष्यातल्या तारखा नीट पाहिल्या तर त्या नेमकं उलटं सांगतात. कोलंबिया विद्यापीठातला अभ्यास आटोपून आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला आले. १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकं आणि सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं. महायुद्ध चालू होतं, बोट पाणतीराला बळी पडली आणि ती पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. सामानाची भरपाई म्हणून जे पैसे मिळाले, त्यांतून बडोद्याला नोकरीवर हजर होण्याचा खर्च निघाला. तिथं राहायला जागा मिळेना. जात लपवून पारशी वसतिगृहात राहावं लागलं आणि तिथूनही अपमान करून बाहेर काढलं गेलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, काटकसर, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपयांचं कर्ज. एवढं जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले. तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांनी प्रबंधाला काय दिलं? भारतातल्या सर्वांत कुशाग्र अर्थशास्त्रज्ञांपैकी एकाचा लंडनमधला अभ्यास मधोमध तोडला, इतकंच.

म्हणून प्रबंधाच्या ताणाबद्दल बोलताना एक भेद आधी करायला हवा. एक ताण प्रश्नाचा असतो. तो विषयातून येतो, पुराव्यातून येतो, आपलं म्हणणं टिकेल की नाही या धास्तीतून येतो. दुसरा ताण पोटाचा आणि व्यवस्थेचा. थकलेली अधिछात्रवृत्ती, महिनोन् महिने न वाचलेलं प्रकरण, दर दोन वर्षांनी बदलणारा नियम, कुणाच्या तरी मर्जीवर अडलेली सही, हे सगळं त्यात येतं. पहिल्या ताणातूनच संशोधनाचा आनंद उगवतो. तो काढून टाकला तर प्रबंधात काही उरत नाही. दुसऱ्या ताणानं कुणाचंही संशोधन सुधारल्याचं दिसत नाही. आपल्याकडे या दोहोंची गल्लत करून त्याला ‘तपश्चर्या’ असं एकच नाव दिलं जातं. या गल्लतीची किंमत रोज मोजली जाते आहे.

प्रश्नाचा ताण म्हणजे काय, ते रुपयाच्या प्रबंधातच पाहू. १९१३ मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचं भारतीय चलनावरचं पुस्तक आलं होतं. त्यात भारतात चालू असलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीची, म्हणजे रुपयाचं मोल पौंडामार्फत सोन्याशी बांधणाऱ्या व्यवस्थेची, त्यांनी भलामण केली होती. केन्स यांचं नाव तेव्हाच मोठं होत होतं. आंबेडकरांचा अभ्यास त्यांना उलट्या दिशेनं घेऊन गेला. या पद्धतीत रुपये पाडण्यावर पुरेसा अंकुश राहत नाही, सरकारच्या हाती मोकळीक राहते, रुपयाची खरेदीशक्ती ढासळते आणि महागाईचा तडाखा शेवटी कमी मिळकतीच्या माणसाला बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे म्हणणं मांडायचं कुठं, तर साम्राज्याच्या राजधानीतल्या विद्यापीठात. आणि मार्गदर्शक कोण, तर एडविन कॅनन, ज्यांना स्वतःला या टीकेतला बराच भाग पटत नव्हता. तरीही पुस्तकाला प्रस्तावना कॅनन यांनीच लिहिली. आपले मतभेद त्यांनी तिथं उघड नोंदवले आणि या विद्यार्थ्याच्या मांडणीतल्या ताजेपणाला दादही दिली. प्रबंधाचा ताण कसा असावा आणि मार्गदर्शक कसा असावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या व्यवहारात सापडतात.

जो प्रबंध लिहितो त्याला ठाऊक असतं, की साहित्य गोळा करण्याचा काळ सुखाचा असतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमाल सोडायचे, मोडी कागद उलगडायचे, नोंदी उतरवून घ्यायच्या. किंवा गावोगाव फिरून मुलाखती घ्यायच्या, प्रयोगशाळेत नमुने तपासायचे. रोज काहीतरी हाती लागतं, वही भरत जाते, संध्याकाळी काम झाल्याचं समाधान असतं. खरी कसोटी लिहायला बसल्यावर सुरू होते. तीनशे नोंदी समोर आहेत आणि पहिलं वाक्य सुचत नाही. कारण टिपण काढताना माणूस दुसऱ्याचं म्हणणं उतरवतो. प्रकरण लिहिताना त्याला स्वतःचं म्हणणं सांगावं लागतं, आणि अनेकांच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदाच घडत असतं. शाळेपासून एम.ए.पर्यंत आपली परीक्षा पद्धत उत्तर ओळखायला शिकवते. ज्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही, त्याच्यासमोर बसण्याची सवय ती लावत नाही. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, कित्येकदा चाळिशीत, ही सवय एकट्यानं लावून घ्यावी लागते.

त्यात एकटेपणा असतो. कादंबरीकाराला निदान कल्पनेतला वाचक असतो. प्रबंध लिहिणाऱ्याला चार-पाच वर्षं एकच वाचक असतो, तो म्हणजे गाईड. तोही वाचेलच याची खात्री नसते. घरचे प्रेमानं विचारतात, ‘अजून किती राहिलंय?’ या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण तिसरं प्रकरण लिहून झाल्यावर दुसरं चुकलं होतं हे लक्षात आलेलं असतं.

आणि मग कधीतरी, बहुधा ध्यानीमनी नसताना, विखुरलेल्या गोष्टी एका ओळीत येऊन उभ्या राहतात. चौथ्या वहीतली नोंद पहिल्या वहीतल्या नोंदीशी बोलू लागते. जे आकडे सहा महिने विसंगत वाटत होते, त्यांच्यामागे काहीतरी कारण दिसतं. त्या घटकेला जगात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नसलेली एक लहानशी गोष्ट त्या एका माणसाला ठाऊक झालेली असते. हे सुख ज्यानं अनुभवलं, तो पुढे अध्यापक होवो वा न होवो, त्याचा विचार करण्याचा ढंग कायमचा बदलतो.

कमला भागवत यांना हे सुख बटाट्यात सापडलं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेल्या या मुलीला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला गेला होता, तोही सर सी. व्ही. रामन यांच्याकडून आणि ती मुलगी आहे एवढ्याच कारणानं. तिनं हट्ट सोडला नाही. अटी घालून तिला घेतलं गेलं आणि तिच्या कामानं त्या अटी निरर्थक ठरवल्या. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना बटाट्यापासून सुरुवात करून त्यांनी दाखवून दिलं, की पेशींच्या श्वसनात भाग घेणारं सायटोक्रोम-सी वनस्पतींतही असतं. हे काम त्यांनी साधारण चौदा महिन्यांत पुरं केलं. प्रबंध भरला अवघी चाळीस पानं. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजमधून विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. कमला सोहोनी हे त्यांचं नाव मराठी वाचकांना परिचित आहे.

चाळीस पानं! आपल्याकडे प्रबंधाची जाडी बोटांनी मोजली जाते. तीनशे पानं झाली का, साडेतीनशे झाली का, असा हिशेब चालतो. संदर्भ साहित्याच्या आढाव्यात शंभर पुस्तकांचे सारांश एकापाठोपाठ एक लावले जातात, जिल्ह्याच्या भूगोलावर एक अख्खं प्रकरण खर्ची पडतं, मग सोनेरी अक्षरांची बांधणी होते. त्या ढिगाऱ्याखाली विद्यार्थ्याचं स्वतःचं म्हणणं पाच-सात पानांचं असतं. ते चांगलंही असू शकतं, पण ते पानं भरण्याच्या दडपणाखाली गुदमरून जातं. कमलाबाईंना जे सांगायचं होतं त्याला चाळीस पानं पुरली. प्रबंध किती लांब असावा याचा यापेक्षा चांगला निकष कुठल्याही नियमावलीत नाही.

प्रश्नाच्या ताणाचं सर्वांत अवघड रूप मात्र वेगळंच आहे. पुरावा एक सांगतो आणि गुरू दुसरं सांगतो, तेव्हा काय करायचं?

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत पोहोचल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशविषयक धोरणाला विद्वत्तेचं कवच पुरवणाऱ्यांत यांचं नाव आलं. इरावतीबाईंना विषय मिळाला तो मानवी कवटीच्या विषमितीचा, म्हणजे कवटीची डावी आणि उजवी बाजू एकमेकींपेक्षा किती वेगळी असते याचा. गुरूची अपेक्षा अशी होती, की युरोपीय माणसाच्या कवटीत ही विषमिती अधिक आढळेल आणि तिचा धागा बौद्धिक श्रेष्ठत्वाशी जोडता येईल. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. कवटीची विषमिती आणि वंश यांचा संबंध त्यांना आढळला नाही. त्यांनी तेच लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, एक पंचविशीची स्त्री आपल्या परीक्षकालाच सांगत होती, की तुमचा सिद्धान्त माझ्या मोजमापात बसत नाही. त्या आठवड्यांत त्यांच्या मनावर काय ओझं असेल, याची कल्पना करून पाहावी. पदवी त्यांना मिळाली.

उलट उदाहरणही तितकंच बोलकं आहे. सेसिलिया पेन या तरुण खगोलशास्त्रज्ञ स्त्रीनं १९२५ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत केलेल्या कामावर प्रबंध लिहिला. ताऱ्यांच्या वर्णपटांवरून तिला दिसलं, की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. पृथ्वी आणि तारे साधारण सारख्याच मूलद्रव्यांचे आहेत, असं तेव्हा मानलं जात होतं. हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या दिग्गजानं हा निष्कर्ष अशक्य ठरवला. पेननं माघार घेतली आणि हायड्रोजनचं हे प्रमाण बहुधा खरं नसावं, असं आपल्याच प्रबंधात लिहून टाकलं. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल स्वतः वेगळ्या वाटेनं त्याच निष्कर्षाला पोहोचले. पेनची गणितं पहिल्यापासून बरोबर होती. चूक तिच्या अभ्यासात नव्हतीच. विद्यार्थिनीनं दिग्गजासमोर ठाम उभं राहावं अशी जागा त्या व्यवस्थेत नव्हती.

ज्या दिवशी विद्यार्थ्याला त्या एका प्रश्नाबद्दल मार्गदर्शकापेक्षा जास्त कळायला लागतं, तो दिवस प्रबंधातला सर्वांत तणावाचा असतो आणि सर्वांत उत्साहाचाही. चांगला मार्गदर्शक त्या दिवसाची वाट पाहतो. १९६१ मध्ये केंब्रिजला मार्टिन राइल यांनी नव्या निरीक्षणांच्या आधारे फ्रेड हॉइल यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धान्तावर तोफ डागली, तेव्हा रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उत्तर द्यायला हॉइल यांनी आपल्या विद्यार्थ्याला पुढे केलं. तो विद्यार्थी म्हणजे जयंत नारळीकर, वय वर्षं बावीस, पीएच.डी. अजून व्हायची होती. पुढच्या संशोधनानं स्थिर विश्वाच्या बाजूनं कौल दिला नाही, तो भाग वेगळा. पण बावीस वर्षांच्या मुलावर एवढा भरवसा टाकणारा गुरू लाभला, की धास्तीचं रूपांतर कशात होतं, हे नारळीकरांच्या पुढच्या साठ वर्षांच्या कामात दिसतं.

आता दुसऱ्या ताणाकडे वळू.

बेल्जियममधल्या फ्लँडर्स प्रांतातल्या ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले साधारण ३२ टक्के विद्यार्थी नैराश्यासारख्या मानसिक आजाराच्या उंबरठ्यावर असल्याचं त्यात आढळलं. ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकानं २०१९ मध्ये जगभरातल्या सहा हजारांहून अधिक पीएच.डी. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, तेव्हा ३६ टक्क्यांनी सांगितलं, की संशोधनामुळे आलेल्या चिंता वा नैराश्यासाठी त्यांना मदत घ्यावी लागली. आकडे धक्का देणारे आहेतच, पण फ्लँडर्सच्या अभ्यासातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. हा त्रास कशाशी जोडलेला होता? काम आणि घर यांची ओढाताण, कामाचा बोजा आणि त्यावर स्वतःचा ताबा नसणं, मार्गदर्शकाची वागण्याची पद्धत, निर्णय कोण आणि कसे घेतो, पुढच्या रोजगाराची आशा. यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी माणसांनी ठरवलेल्या आहेत आणि माणसांना बदलता येतात.

आपल्याकडची यादी याहून लांब होईल. प्रवेशासाठी विद्यापीठाची ‘पेट’ किंवा राष्ट्रीय पातळीवरची नेट परीक्षा, मग संशोधन आणि मान्यता समितीसमोर विषयाची मांडणी, मग कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, शेवटी सिनॉप्सिस, वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल आणि मौखिकी. या पायऱ्या असायला हरकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. हे योग्यच आहे. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर प्रबंध सर्वांना वाचायला खुले झाले, ही तर फारच चांगली गोष्ट झाली. अडचण येते ती पायरी मध्येच हलवली जाते तेव्हा. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची होईल, असं २०१८ मध्ये जाहीर झालं. मग ती मुदत २०२३ पर्यंत लांबली. आणि २०२३ च्या जुलैत ही अटच काढून टाकण्यात आली. या पाच वर्षांत नोकरी हाती लागावी म्हणून, विषयाची ओढ नसतानाही, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या किती तरुणांनी नोंदणी केली असेल? त्यांच्या प्रबंधात प्रश्न नव्हताच. होती ती फक्त धास्ती. प्रबंध जमा करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्तीही अशीच आली, तिनं पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा वाढवला आणि नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत ती सक्ती उठली.

पैशाचं दुखणं सर्वांत जुनं आणि सर्वांत सोपं आहे. राष्ट्रीय पातळीवरची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये झाली. रक्कम बरी आहे. पण ती दर महिन्याला हाती पडते का, हा प्रश्न आहे. चार-सहा महिने थांबून एकदम जमा होणारे पैसे विद्यार्थ्याला खोलीभाड्यासाठी उसनवारीवर ढकलतात. महाराष्ट्रात बार्टी या राज्य सरकारच्या संस्थेतर्फे अनुसूचित जातींच्या संशोधकांना जी अधिछात्रवृत्ती दिली जाते, तिला बाबासाहेबांचंच नाव आहे. ती मिळावी म्हणून २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर धरणं धरून बसावं लागलं. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडन सोडावं लागलेल्या माणसाच्या नावाची ही योजना. २०२३ च्याच डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, अधिछात्रवृत्तीच्या चर्चेत राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं, की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत.

या प्रश्नाला मनापासून उत्तर द्यायला हवं, कारण तो सभागृहाबाहेरही पुष्कळांच्या मनात असतो. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून परतले आणि त्यांनी मराठीला तेवीस खंडांचा ज्ञानकोश दिला. कमला सोहोनींनी मायदेशी येऊन पोषणावर, नीरेसारख्या साध्या पेयावर संशोधन केलं आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेचं संचालकपद भूषवलं. इरावतीबाईंनी कवट्या मोजताना अंगी बाणवलेली शिस्त पुढे महाराष्ट्राचा समाज समजून घेण्यासाठी वापरली. रुपयावरचा प्रबंध लिहिताना आंबेडकरांनी सरकारी अहवाल, आकडे आणि कायदे यांची जी झडती घेतली, तीच नजर पुढे कायदेमंडळात आणि संविधान सभेत कामी आली. प्रत्येक प्रबंधातून असं काही निघत नाही. निघणारही नाही. पण कुठल्यातून निघेल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही आणि म्हणूनच सगळ्यांना नीट लिहू द्यावं लागतं.

मार्गदर्शकांचीही बाजू आहे. नियमानुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. रिकाम्या जागा न भरल्यामुळे उरलेल्या माणसांवर शिकवणं, पेपर तपासणं, मूल्यांकन समितीच्या फायली, हे सगळं येऊन पडतं. आठ जणांची प्रकरणं बारकाईनं वाचायला त्यातून वेळ काढणं सोपं नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. विद्यार्थ्याचं प्रकरण चार महिने टेबलावर ठेवणं, त्याला घरची कामं सांगणं, सहीसाठी ताटकळत ठेवणं, याला गुरुपरंपरा म्हणत नाहीत. ही सत्ता आहे, आणि तिचा हिशेब विचारण्याची सोय विद्यापीठात असली पाहिजे.

बायकांच्या वाट्याला हा दुसरा ताण दुपटीनं येतो. आंबेडकर लंडनमध्ये लिहीत होते, तेव्हा परळच्या चाळीत त्यांच्या पत्नी रमाबाई तुटपुंज्या पैशात घर चालवत होत्या. त्या प्रबंधात त्यांचाही वाटा आहे. आज रमाबाईंच्या जागी असलेलीच प्रबंध लिहिते आहे, स्वयंपाक आवरून, मुलाला झोपवून, रात्री अकराला लॅपटॉप उघडून. २०२२ च्या नियमावलीनं स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा दिली आहे. मुदत मिळाली, वेळ मात्र घरानं द्यायचा असतो.

आणि ज्यांचा प्रबंध पुरा होत नाही, त्यांचं काय? कमलाबाईंची बहीण दुर्गा भागवत. त्यांनीही पीएच.डी.चं काम हाती घेतलं होतं. आदिवासींच्या अभ्यासासाठी त्या मध्य प्रदेशातल्या रानांत हिंडल्या. तिथं रानकंदातून विषबाधा झाली, कित्येक वर्षं अंथरुणात गेली आणि प्रबंध राहून गेला. एका घरातल्या दोन बहिणी, एकीची चाळीस पानं केंब्रिजनं मान्य केली, दुसरीच्या नावापुढे ती पदवी कधीच लागली नाही. पण दुर्गाबाईंची जिज्ञासा पदवीबरोबर संपली नाही. ‘लोकसाहित्याची रूपरेखा’, ‘ऋतुचक्र’, ‘पैस’ ही पुस्तकं त्याच जिज्ञासेतून आली. अर्धवट राहिलेला प्रबंध म्हणजे वाया गेलेलं आयुष्य, ही समजूत घराघरांतून जायला हवी. ती गेली तर काही मुलांचा जीव वाचेल. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला हा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. त्याची अधिछात्रवृत्ती कित्येक महिने मिळाली नव्हती. १७ जानेवारी २०१६ रोजी त्यानं आत्महत्या केली. त्यामागे जातीच्या आणि सत्तेच्या अनेक गोष्टी होत्या, आणि थकलेले ते पैसे ही त्यांतलीच एक होती.

तेव्हा मागणी साधी आहे. अधिछात्रवृत्ती पगारासारखी दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जमा व्हावी. दिलेलं प्रकरण मार्गदर्शकानं किती दिवसांत वाचून परत करायचं, ते विद्यापीठानं लेखी ठरवावं. विद्यार्थी नोंदणी करतो त्या दिवशीचे नियम त्याच्या मौखिकीपर्यंत बदलू नयेत. प्रत्येक विद्यापीठात संशोधकांसाठी समुपदेशक असावा आणि त्याच्याकडे जाणं कमीपणाचं मानलं जाऊ नये. यातल्या एकाही गोष्टीनं प्रबंध सोपा होणार नाही. प्रश्न तितकाच अवघड राहील, पुरावा तितकाच हट्टी राहील.

आणि वाचकहो, तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कुणी प्रबंध लिहीत असेल, तर त्याला ‘अजून किती राहिलंय’ असं विचारू नका. ‘तुला काय सापडलं’ असं विचारा आणि अर्धा तास बसून ऐका.